वाजायचं बंद झालेलं घर

ती आयसीयूतून घरी आली आणि आठवडाभरात वायरमन नवऱ्यानं घरातल्या एकूण एक यंत्राची बोलती बंद केली. मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, दाराची बेल. कारण कुठंही टीं टीं झालं, की ती शिवणयंत्रावरून ताडकन उठायची आणि मनगटं चोळत कोपऱ्यात जाऊन बसायची. का, ते विचारलं की मूग गिळून गप्प. सांगितल्याशिवाय सुटका नाही, हे तिलाही कळत होतं; पण ती पुन्हा शिवणयंत्राला भिडायची.

गॅसगळतीचा अलार्म जरा धूर झाला तरी बोंबलायचा. त्यानं त्याचीही वायर कापली. बायकोवर जीव टाकणारा माणूस कधीकधी असा अकलेचे दिवे लावतो.

"अरे, आजारपणापासून हिला वास येत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"तुझं नाक शाबूत आहे ना? मग झालं तर."

महिनाभर म्हातारीच्या नाकावर घर चाललं. मग एका दुपारी त्या वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेल्या. दूध उतू गेलं, शेगडी विझली, गॅस मात्र सुरूच राहिला. बाजूच्याच खोलीत ती एका झग्याची दुमड घालत बसली होती. तिला काही कळलं नाही. डोकं जरा जड वाटलं, तर म्हणाली, अशक्तपणा असेल. दुमड झाली, आता इस्त्री. तिनं बटणाकडे हात नेला.

सासूबाईंना वास जिन्यातच आला होता. बोलायला दम उरला नव्हता. त्यांनी मागून येऊन तिची दोन्ही मनगटं धरली.

तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. ती लाथा झाडू लागली, सुटायला म्हणून बटणाकडेच झेपावू लागली, आणि शेवटी म्हातारीच्या हाताला कडकडून चावली. रक्त आलं. म्हातारीनं हात सोडला नाही. तिला तशीच फरफटत बाहेर जिन्यात नेलं.

संध्याकाळी नवरा आला, तेव्हा खिडक्या सताड उघड्या होत्या आणि आईच्या हाताला पट्टी होती.

"आयसीयूत माझे हात बांधले होते," बायको पहिल्यांदाच बोलली. "पलंगाला. बावीस दिवस. मी घशातली नळी उपसेन म्हणून. मशीन वाजलं की नर्स यायची आणि गाठ आवळायची. तुम्हाला कुणी सांगितलंच नसेल."

तो खुर्चीवर बसला.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "परवानगीच्या कागदावर सही माझीच आहे."

तिला हसावं की किंचाळावं कळेना. बावीस दिवस ती एकाच आशेवर तगली होती: नवऱ्याला कळलं, तर तो धावत येऊन आपले हात सोडवील.

मग तिनं खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली.

"सांगा," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. काही गाळू नका."