हाताने लिहिलेली वाट

सकाळपासून सिस्टरच्या जिन्याच्या अकरा चकरा झाल्या होत्या. लॅबचे रिपोर्ट वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर येईनात, म्हणून ती कागद घेऊन वर-खाली करत होती. अकराव्या खेपेला ती नेटवर्कच्या खोलीत डोकावली.

"ताई, पायांचे पार तुकडे पडले. अजून किती वेळ?"

"बघतेय गं," नेटवर्कवाल्या बाई म्हणाल्या. चोवीस वर्षं याच हॉस्पिटलच्या तारा सांभाळताना त्यांच्या मानेने कधीच संप पुकारला होता.

मागच्या आवारात खोदताना केबल तुटली, एवढं कळलं होतं. पण दुसरी वाट शाबूत होती आणि बाकी सगळं काम त्या वाटेने बिनबोभाट चाललं होतं. अडलं होतं ते फक्त लॅबचं.

तेवढ्यात अधीक्षक आले. "बाई, मला समजेल असं सांगा."

"साहेब, राउटर म्हणजे नाक्यावर उभा असलेला वाटाड्या. जुन्या इमारतीतले शेजाऱ्याला विचारतात, तुझ्याकडून गेलं तर पुढे किती नाके? सगळा ऐकीव कारभार. बातमी उशिरा पोचते, पण पोचते. नव्या इमारतीत प्रत्येकाकडे पूर्ण नकाशा असतो. कुठे तुटलं की एकमेकांना लगेच कळवतात आणि जो तो आपली जवळची वाट नव्याने काढतो."

"मग अडलं कुठे?"

"तिसरी एक तऱ्हा आहे. माणसाने हाताने वाट लिहून द्यायची. मग तो वाटाड्या कुणाचं ऐकत नाही. पुढे रस्ता खचला तरी तिकडेच पाठवत राहतो."

बोलता बोलता बाई कॉम्प्युटरकडे वळल्या. त्यांनी लॅबच्या राउटरमधली वाटांची यादी उघडली. मधोमध हाताने लिहिलेली एक ओळ होती, आज तुटलेल्या केबलकडेच पाठवणारी. शेजारी 'तात्पुरतं' असा शेरा, नऊ वर्षांपूर्वीची तारीख आणि त्यांचीच आद्याक्षरं.

तेव्हा बाईंचे वडील वरच्या वॉर्डात होते. नेटवर्क सारखं कोलमडायचं आणि रिपोर्टची वाट बघून बाईंचा जीव टांगणीला लागायचा. रिपोर्ट एका ठरलेल्या वाटेने सरळ यावेत म्हणून एका दुपारी त्यांनी ही ओळ घातली. आठवड्यात वडील गेले. ओळ तशीच राहिली.

साहेबांना पडद्यावरचं ओ की ठो कळत नव्हतं. गुपचूप पुसता आली असती. बाईंनी खुर्ची वळवली.

"चूक माझी आहे, साहेब." मग त्यांनी सगळं सांगितलं.

साहेबांनी खुर्ची ओढून घेतली. "खोदणाऱ्यांवर ढकलता आलं असतं तुम्हाला."

"केबल त्यांनी तोडली. सिस्टरला जिने मात्र मी चढायला लावले."

"लेखी द्या मग. आणि आधी ते पुसा."

ओळ पुसली तसे रिपोर्ट वॉर्डात धडाधड उतरू लागले. निरोप मिळाल्यावर सिस्टर खाली आली आणि स्टुलावर मटकन बसली. बाईंनी तिलाही काही न लपवता सांगितलं. ती भडकेल असं त्यांना वाटलं होतं. भडकलीही.

"नऊ वर्षं ताई? एकदा तरी बघायचंत!" मग बूट काढून तळवे चोळता चोळता तिने विचारलं, "कुठल्या खाटेवर होते वडील?"

"खिडकीजवळच्या."

"तिथे ऊन छान येतं," सिस्टर म्हणाली.

सिस्टर गेल्यावर बाईंनी दोन्ही इमारतींतल्या सगळ्या राउटरची यादी काढली. एकूण एकतीस होते. आपण आणखी कुठे काय लिहून ठेवलंय, ते आता एकेक उघडून बघणं भाग होतं. त्यांनी मान चोळली आणि पहिला उघडला.