कणगीतला कंगवा

मी एक जुना कंगवा आहे, मित्रांनो. शिसवी लाकडाचा, रुंद दातांचा, आणि पन्नाशी उलटली तरी एकही दात न पडलेला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे माझ्या गोष्टीत राही नावाची एक मुलगी येणार आहे, आणि ती मला अजून सोडत नाही.

माझा जन्म हैदराबादचा. चारमिनारमागच्या गल्लीत मेहमूदमियाँनी मला करवतीने एकेक दात पाडून घडवलं. त्यांच्या टोपलीत बारीक फण्या होत्या, मधले कंगवे होते आणि माझ्यासारखे रुंद दातांचे दोनतीनच. निजामाच्या रेल्वेत रुळांच्या कामावर असलेले भिवाजी एकदा तिथे आले. मोठ्या लेकीच्या केसांत फणी अडकते आणि ती रडते, एवढंच त्यांनी सांगितलं. मेहमूदमियाँनी लगेच मला उचललं. "हर बाल की कंगी अलग होती, भाई," ते म्हणाले. माझ्या आयुष्यातली ही पहिली शाबासकी.

भिवाजींनी मला नांदेडकडच्या आपल्या गावी नेलं. तिथे त्यांच्या दोन मुली होत्या. अकरा वर्षांची राही आणि सात वर्षांची सखू. मी राहीच्या केसांत पहिल्यांदा उतरलो तेव्हा ती रडायचं विसरली आणि चक्क मागे वळून माझ्याकडे बघू लागली. ते माझे सोन्यासारखे दिवस. थोडेच होते.

त्या वर्षी राहीला मुदतीचा ताप आला. आई रोज मजुरीला जायची. जाताना सखूला बजावायची, की ताईचे केस विंचर, नाहीतर डोकं गुंतून बसेल. पण तापात राहीला केसाला हात लावलेला सोसेना, ती कण्हायची. सखूला ते कण्हणं ऐकवेना. मग तिने काय केलं सांगू? ज्वारीच्या कणगीत, म्हणजे बांबूच्या त्या मोठ्या पिंपासारख्या टोपल्यात, मला खोल खुपसलं आणि कंगवा हरवला असं आईला सांगून टाकलं.

तापाचे ते तीनही आठवडे मी दाण्यांत गाडलेला होतो. बाहेर राही कूस बदलायची, तिचे केस गोधडीवर घासल्याचा आवाज यायचा. तो आवाज रोज थोडा जाड होत गेला. तिच्या केसांत काय चाललंय ते मला कळत होतं आणि मी हलू शकत नव्हतो.

ताप उतरला त्या सकाळी सखूने ताईची मान पाहिली. मागचे केस एकत्र चिकटून दोरखंडासारखे झाले होते. आता आपल्याला मार बसणार, या भीतीने ती विहिरीवर धावली आणि बायकांना तिने तो शब्द सांगितला, जो तिने मोठ्यांकडून नुसता ऐकलेला होता. "राहीला जट आली."

मित्रांनो, त्या काळी डोक्यात जट होणं म्हणजे देवीने मुलीला मागणं, असं लोक मानायचे. मग जटेला कंगवा लावायचा नाही, कात्री लावायची नाही, आणि मुलगी देवीला सोडून द्यायची. दुपारपर्यंत राहीच्या मानेला हळद लागली. भिवाजी हैदराबादला कामावर होते. ते आले तेव्हा घरात एकच मुलगी होती. ते राहीला शोधायला दोनदा गेले आणि दोनदा एकटेच परत आले.

कणगीतली ज्वारी संपत आली तेव्हा मी सापडलो. मी तिथे कसा गेलो, हे कुणीच विचारलं नाही.

भिवाजींनी मग गाव सोडलं आणि सगळ्यांना हैदराबादेत काचीगुड्याला आणलं. छप्पन साली त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला, घरातले देव काढून टाकले, आणि त्या देवांबरोबर तो शब्दही घराबाहेर गेला. पुन्हा कुणी उच्चारला नाही. सखू मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिचा मुलगा रवी रेल्वेत क्लार्क झाला आणि त्याला पिंकी झाली. एवढ्या वर्षांत मी सखूच्याच हातात होतो.

आता पिंकीचे केस. बाप रे बाप! धुतले की छत्रीसारखे उघडायचे. आणि नेमका तोच काळ होता, जेव्हा घराघरात केबल आली, दुकानाच्या दारात शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकू लागल्या आणि टीव्हीतल्या सगळ्या मुली सरळ, सुळसुळीत केस उडवू लागल्या. घरात एक गुलाबी प्लॅस्टिकचा ब्रश आला. मला खिडकीत टाकण्यात आलं. माझा अपमान झाला, पण त्या ब्रशचे दात पंधरा दिवसांत वाकले, हे मी आनंदाने नमूद करतो.

सखूआजी मात्र सकाळ-संध्याकाळ मलाच घ्यायची. कोरड्या केसांत, थेट मुळापासून खाली, खसाखस. केस तुटून माझ्या दातांत अडकायचे. पिंकी ओरडायची, "आजी, नक्को ना! डोकं हाय ते, झाडू नाय." आजीचा हात फार कठोर आहे, असं शेजारीपाजारी म्हणत. पण विंचरण्याआधी तिची बोटं गुपचूप पिंकीच्या मानेवर काय शोधायची, ते फक्त मला माहीत होतं. आणि खरं सांगू? त्या मानेजवळ गेलो की मीही तेच शोधायचो.

पिंकी तेरा वर्षांची असताना तिला टायफॉइड झाला, तोच मुदतीचा ताप. तिची आई मीना हिने सासूला स्पष्ट सांगितलं, की पोरीचं डोकं ठणकतंय, केसांना अजिबात हात लावायचा नाही. सखूआजी मला मुठीत धरून खाटेभोवती फिरायची. वीस दिवस. तो केस घासल्याचा आवाज मी पुन्हा ऐकला.

ताप उतरल्यावर आजीने पिंकीची मान वळवली. तिची बोटं थांबली. तिने मला फळीवर ठेवलं, पेटीतून कात्री काढली आणि दाराला आतून कडी घातली.

"आजी, कात्री कायकू?"

"कुणी बघायच्या आत मुळापासून काढते. जट आहे."

पन्नास वर्षांनी तो शब्द घरात आला. मी फळीवरून घसरेन असं मला वाटलं. पण पिंकीने सरळ विचारलं.

"जट बोले तो काय?"

तिला तो शब्दच ठाऊक नव्हता! घरात कुणी शिकवलाच नव्हता. आजीने कात्री मानेजवळ नेली. पिंकीने केस दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि आईला हाका मारल्या. मीनाने दार वाजवून वाजवून उघडायला लावलं आणि समोरच्या खोलीत ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या मेधाला धावत बोलावून आणलं.

मेधाने मान पाहिली आणि तांब्याभर कोमट पाणी मागितलं. "गुंता आहे, आजी," ती म्हणाली. "आणि गुंता कसा नाही होणार? हे केस कुरळे आहेत. तुम्ही सरळ केसांसारखे विंचरता."

मग तिने एक सुटी बट ओली केली, हातानेही न ताणता तशीच वाळायला सोडली आणि म्हणाली, आता बघा. बट हळूहळू वर चढत बॉलपेनमधल्या स्प्रिंगसारखी झाली. मेधा सांगू लागली, की केस कोणत्या जातीचा आहे ते असंच ओळखायचं. धुवायचा आणि त्याला एकटं सोडायचं. रुळासारखा पडला तर सरळ. मुसी नदीसारखा वळत गेला तर लाटांचा. स्प्रिंगसारखा गोल फिरला तर कुरळा, आणि पेन्सिलीएवढा घट्ट फिरला तर मळसूत्री, म्हणजे स्क्रूच्या आट्यांसारखा. एकाच डोक्यात दोनतीन जाती असू शकतात. पिंकीच्या कपाळावर लाटा होत्या, मागे स्प्रिंगा. पिंकीने आजीचा पदर सारून आजीचे केसही बघितले आणि मुसी, मुसी म्हणून टाळ्या पिटल्या, आजारपणाच्या विसाव्या दिवशी, खाटेवर बसून.

आजी हसली नाही. तिने मेधाला विचारलं, "फार वर्षांपूर्वीचा असता तर? असाच तीन आठवड्यांचा? तोही सुटला असता?"

"हौ आजी. पाणी, तेल आणि हा तुमचा रुंद कंगवा. दोनतीन तासांचं काम."

आजी खाली बसली. दोनतीन तास, असं ती स्वतःशीच दोनदा बोलली. मग तिने कात्री मीनाच्या हातात दिली आणि मला उचललं. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा ओल्या केसांत, टोकापासून वर वर गेलो. एकेक बोटभर. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा गुंता सुटला होता. आणि त्या वेळात, पिंकीच्या मानेमागे बसून, आजीने सगळं सांगितलं. राही, ताप, कणगी, विहीर. मला लपवल्याची लबाडीही तिने कबूल केली.

पिंकीने मागे वळून आजीकडे पाहिलं. मग तिने हळूच विचारलं, "राहीआजीचे केस कुठल्या जातीचे होते गं? लाटा की स्प्रिंग?"

सखूआजीने डोळे मिटले. तिने फार प्रयत्न केला. पण पन्नास वर्षं तिला जटच दिसत आली होती, केस तिला आठवेनात.

मित्रांनो, मला धुवा, वाळवा, कुरळे केस ओले असतानाच त्यांत फिरवा, हे तर मी सांगेनच. पण कुणाच्या डोक्यात काही वेगळं दिसलं, तर त्याला नाव देण्याआधी थोडं पाणी घाला आणि वाट बघा. नाव एका क्षणात चिकटतं आणि खालचं माणूस कुणाला आठवत नाही. त्या खोलीत उत्तर फक्त मला येत होतं आणि मला बोलता येत नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगतो, तुम्ही तरी लक्षात ठेवा. राहीच्या कपाळावर सरळ, कानांवर लाटा, आणि मानेवर मळसूत्री. अगदी घट्ट, पेन्सिलीएवढी.