हाताला हलका लागलेला डबा

"त्या इस्टिकरला हात लावशील तर बघ कादे! मी अजून मेली नाय."

"आजी, वॉरंटी दसऱ्यालाच संपली. तो आता नुसता कागद आहे."

"कागद तर कागद. तीन वर्सा सांभालला मी. तू आतमधी हात घातलास का उरलासुरला पन जाईल. पयला काय कमी वाटोला केलास?"

"मी केलं? परत तेच?"

भरदुपारी पनवेलच्या कोळीवाड्यात हे चाललंय. कमळाबाई मासळी बाजारातून येऊन तशीच जमिनीवर बसली आहे. मला पाठ लावून बसली आहे, म्हणजे माझ्या मागचा स्टिकर झाकला जाईल. समोर स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिची नात कादंबरी उभी आहे.

ज्याच्यावरून हे भांडण आहे तो डबा मी. दुकानातून तयार आणलेला डेस्कटॉप संगणक. माझं मत कोणी विचारलेलं नाही, आणि विचारलं असतं तरी आजवर खरं बोलायची माझी छाती नव्हती. आज बोलतो. लाज वाटते, पण बोलतो.

माझा जन्म एका सरकत्या पट्ट्यावर झाला. प्रोसेसर चांगला घातला, कारण त्याचं नाव खोक्यावर छापायचं होतं. पुढे काच बसवली, काचेमागे निळे-जांभळे दिवे लावले, कारण ते दुकानात चमकणार होते. आत सगळ्यांना वीज वाटून देणारा एक पत्र्याचा ठोकळा असतो, पॉवर सप्लाय. तो कोणाला दिसणार नव्हता. तिथं कंपनीच्या मालकांनी हात आखडला. ताट चांदीचं आणि चुलीत ओलं लाकूड, तशी माझी गत.

शेवटी मागच्या स्क्रूवर एक गोल स्टिकर डकवला. हा फाटला की वॉरंटी गेली. घेणाऱ्याला वाटतं, स्टिकर आपल्या भल्यासाठी आहे. मला विचारा. तो माझी लाज झाकायला होता.

तीन वर्षांपूर्वी, दसऱ्याला, या दोघी हायवेजवळच्या दुकानात आल्या. कादंबरी तेव्हा व्हिडिओ जोडायला शिकली होती. आपल्या भागात लग्नापेक्षा हळद मोठी. मांडव, बँजो, रात्रभर नाच, आणि मग त्या सगळ्याचा व्हिडिओ. तिला गावोगावच्या हळदी मिळणार होत्या. सुटे भाग एकेक निवडून संगणक जोडून घ्यायचा, अशी यादी तिनं कागदावर करून आणली होती.

कमळाबाईनं यादी घडी करून कनवटीला लावली. "पाच दुकानांचे पाच भाग. बिघाड झाला तर कोनाच्या दारात बसायचा? एकच दुकान पायजे, म्हंजी एकच मानगूट धरायची."

हे ती काही खोटं बोलली नाही. माझ्यासारख्याची तीच तर सोय. मला घरी आणलं, वायर लावली आणि दहा मिनिटांत मी चालू. पुढे कीबोर्डची दोन बटणं रुसली तर माणूस दारात येऊन नवा कीबोर्ड देऊन गेला. जोडलेल्या संगणकाला असं माहेर नसतं. जे माझ्यात बरं आहे ते मी नाकारणार नाही.

पण दुकानात त्या दिवशी, कादंबरी पलीकडे पडदे बघत असताना, आणखी एक गोष्ट घडली, ती मी आणि कमळाबाई दोघांनीच जपून ठेवली.

ही बाई चाळीस वर्षं उरण नाक्याच्या मासळी बाजारात बसते. करंज्याच्या बंदरावर लिलावात पाटी नुसती हातानं उचलून वजन सांगते, काटा मागून तेच सांगतो. कल्ला उघडून आतला लाल रंग पाहिल्याशिवाय तिनं कधी मासा घेतला नाही. शाळेचं तोंड न पाहता दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरं शिकली. कोणाकडून फसायची नाही अशी ख्याती. तिनं मला दोन्ही हातांनी उचललं आणि तिचे डोळे बारीक झाले.

"हलका हाय रे. आत काय भरलाय? उघडून दाव रे."

विकणारा हसला. "मावशी, ही मासळी नाही. उघडलं की वॉरंटी गेली. आणि नवीन वस्तू हलकीच असते."

शेजारची दोन गिऱ्हाइकंही हसली. बाजारात कोणी असा हसला असता तर तिनं त्याला मासळीच्या पाण्यानं आंघोळ घातली असती. पण तिथं थंडगार हवा, चकचकीत फरशी, आणि तिच्या हातांना सकाळच्या बाजाराचा वास. तिनं हात पदराखाली घेतले. "बांध," एवढंच म्हणाली.

त्या क्षणी मी एकदा तरी विझून दाखवायला हवं होतं. मी निळे-जांभळे दिवे मिरवत बसलो.

वर्षभर बरं गेलं. मग कामं जड झाली. पूर्ण व्हिडिओ तयार करायची वेळ आली की आतले सगळे एकदम वीज मागायचे आणि तो ठोकळा हात वर करायचा. मी मध्येच काळाठिक्कर. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, तुमच्याकडची लाईट खराब. बॅटरी आणली. तरी मी विझायचो तो विझायचोच. मग उत्तर आलं, तुमचं सॉफ्टवेअर जड. माणूस येऊन बाहेरून तपासून गेला. मला उघडलं कोणीच नाही.

आणि घरात कमळाबाईचा न्याय ठरलेला. "यंत्र नवा हाय, सीलबंद हाय. मंग बिघाड कोनात? तुझ्या हातात!"

गेल्या वर्षी कोन गावच्या वेणूची हळद आली. वेणूचे वडील सहा महिने अंथरुणाला खिळलेले. त्या दिवशी ते भिंत धरून उठले आणि मांडवात दोन पावलं नाचले. कॅमेरेवाल्याला पुढच्या लग्नासाठी कार्ड रिकामं हवं होतं, म्हणून सगळं चित्रण माझ्यात उतरवलं गेलं. कादंबरी शहाणी, लगेच दुसरी प्रत काढायला बसली. त्याच कामात मी झटक्यात विझलो आणि माझी डिस्क खरवडली गेली. अर्धी हळद गेली. ती दोन पावलंही गेली. म्हातारा पुढच्या महिन्यात वारला.

कमळाबाई नातीला घेऊन कोनला गेली. परत आल्यावर काय झालं ते घरात चारदा बोललं गेलं, म्हणून मला ठाऊक. अंगणात सगळ्या भाऊबंदांसमोर तिनं हात जोडले. "पोर आमची निष्कालजी हाय. माफी करा." कादंबरी मागे खाली मान घालून उभी होती.

तेव्हापासून तिला एक हळद मिळाली नाही. निष्काळजी पोरीच्या हातात आपला सोहळा कोण देईल? ती झेरॉक्सच्या दुकानात बसायला लागली. आता वर्षानं करंज्याहून एकीनं हळदीच्या व्हिडिओसाठी विचारलंय. कादंबरीनं नवा पॉवर सप्लाय आणलाय, मला उघडून बसवायचा म्हणते. आणि आजी म्हणते, याला हात लावू नको, दुसरा तयार डबा आणू, सीलबंद.

तर हे असं भांडण.

खिडकीतून शेजारच्या सुमतीनं डोकं घातलं. "कमले, बाजार उठला ना गो? अजून कोनावर वरडतंस?"

"तुझ्यावर नाय. जा, भात करपंल तुझा."

सुमती हलली नाही. कादंबरीनं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. आवाजही खाली आला.

"आजी, तू मासा घेताना कल्ला उघडतेस. कोनला माझ्यावर आळ घेतलास तेव्हा काय उघडून पाहिलं होतंस?"

कमळाबाईच्या पाठीचा भार माझ्यावर होता, तो हळूहळू कमी झाला. ती बाजूला सरकली.

"उघड," म्हणाली.

स्टिकर फाटला. पत्रा निघाला. तीन वर्षांनी माझ्या पोटात उजेड आला आणि मला वाटलं, आता पुन्हा अंधार झाला तर बरं. कादंबरीनं ठोकळा सोडवला, नवा धरून पाहिला. बसेना. कंपनीनं जागाच अशी कापलेली की त्यांच्याच मापाचं बसावं. म्हणजे मी आधी कमी, आणि वर दुरुस्त व्हायचीही सोय नाही.

जुना ठोकळा तिनं आजीच्या डाव्या हातात ठेवला, नवा उजव्या.

कमळाबाईनं डोळे मिटले, जशी ती करंज्याला मिटत असेल. उजवा हात खाली गेला. डावा तसाच वर राहिला. मग तिनं जुना नाकाशी नेला. जाळीतून आत पाहिलं. आतल्या बारक्या डब्यांची पोटं फुगलेली, शिळ्या मासळीसारखी.

"कवापासून असा हाय यो?"

"पहिल्या दिवसापासून कमीच होता."

"लाईट?"

"लाईट चांगली होती, आजी."

"आनि तुझा हात?"

कादंबरीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण मान या वेळी खाली नव्हती.

माझं आता फार काही उरलं नाही. प्रोसेसर आणि मेमरी नव्या, जोडलेल्या संगणकात जातील. कादंबरीची जुनी यादी कमळाबाईच्या पत्र्याच्या पेटीतून बाहेर निघाली आहे. काच आणि दिवे भंगारात. जायला माझी ना नाही. तुम्ही कधी माझ्या भावंडांपैकी कोणाला घ्यायला उभे राहिलात तर घ्या, ते सगळेच काही वाईट नसतात. पण उचलून बघा. जे दिसत नाही त्याचं नाव विचारा. समोरचा हसला तर हसू द्या. आणि यंत्र विझलं म्हणून घरच्या माणसाकडे बोट दाखवायच्या आधी यंत्राला उघडा. वर्षभर एक पोर माझ्या वाटणीचे बोल खात होती आणि मी काचेमागे चमकत होतो.

कादंबरी म्हणाली, "कोनला सगळ्यांसमोर बोललीस ना? आता कोणासमोर मागे घेणार?"

खिडकीत सुमती होतीच. कमळाबाईनं ठोकळा मांडीवर ठेवला, ओल्या पदराला हात पुसले आणि कोनला फोन लावला. स्पीकर चालू केला. पलीकडून वेणूचा आवाज आला, तशी ती बाजारात बोलते तेवढ्या मोठ्यानं म्हणाली, "वेणू, मी कमलामावशी बोलतंय, तुझी हलद आमच्या पोरीनं नाय घालवली गो, मी घालवली, डबा हाताला हलका लागलेला तरी चार लोकांच्या लाजेपायी मी त्या दुकानात परत तोंड उघडला नाय."