दहा टाइट एंडांची यादी

जगात माणसांचे दोनच प्रकार असतात: क्रमवारी लावणारे आणि क्रमवारीत लागणारे. इतिहास घडतो तो ह्या दोघांच्या झगड्यातून. हे वाक्य मी निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सकाळी बायकोला वाचून दाखवलं. आर्डिस म्हणाली, "तिसरा प्रकार कचऱ्याचा डबा बाहेर नेऊन ठेवतो. गाडी येईल आता." मी डबा ठेवून परत आलो तोवर इतिहास पुढे गेला होता.

एकेचाळीस वर्षं मी नेब्रास्कातल्या आमच्या ऑस्टरगार्ड गावाच्या साप्ताहिकात गावाचीच टिंगल लिहिली, आणि गावानं ती वर्गणी भरून वाचली. निवृत्त झालो तेव्हा संपादकानं माझ्याकडची सगळी कामं काढून घेतली, एक सोडून. दर ऑगस्टात, हायस्कूल फुटबॉलचा, म्हणजे हातात चेंडू घेऊन धावायच्या आमच्या अमेरिकी फुटबॉलचा, मोसम सुरू व्हायच्या आधी, आसपासच्या अकरा शाळांतल्या दहा उत्तम टाइट एंडांची यादी करायची. क्वार्टरबॅकांची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या म्होरक्यांची, यादी क्रीडा-वार्ताहर स्वतःच करतो, कारण क्वार्टरबॅकांच्या आया केक पाठवतात. टाइट एंडाच्या आईला आपला मुलगा मैदानावर नक्की काय करतो हेच ठाऊक नसतं.

दोष तिचा नाही. टाइट एंड ओळीच्या टोकाला उभा राहतो. निम्मा वेळ तो समोरच्या धटिंगणाला ढकलून पळणाऱ्याला वाट करून देतो, आणि उरलेला निम्मा वेळ स्वतः धावत जाऊन चेंडू झेलतो. ढकलणाऱ्यांत तो किडकिडीत दिसतो, झेलणाऱ्यांत जाडा. घरजावयासारखी त्याची गत: राबायचं दोन्हीकडे आणि फोटोत कुठेच नाही. म्हणून आमच्या यादीला महत्त्व. लहान कॉलेजांचे प्रशिक्षक म्हणे ती कापून खिशात ठेवतात. हे "म्हणे" गावात मीच पसरवलं होतं.

यंदा पहिल्या आणि दहाव्या नंबरावर आमच्याच शाळेची पोरं होती. पहिला, जर्सी नंबर अठ्ठ्याऐंशी, क्लेटन नोव्होत्नी. गेल्या ऑक्टोबरातल्या लिंडन क्रीकविरुद्धच्या सामन्यात ह्या अठ्ठ्याऐंशीनं एक चेंडू एका हातानं झेलला होता, आणि नंतर समोरच्या रेड्याएवढ्या पोराला असा आडवा केला होता की तो उठून भलत्याच संघाच्या बाकड्याकडे चालायला लागला. मी ते जेवणाच्या टेबलावर, संगणकावर, चार वेळा बघितलं. मोसमातले सगळे सामने बघून यादी केली असं मी छापलं होतं. बघितला तो हा एकच.

दहावा, जर्सी नंबर चौऱ्याऐंशी, एमेट कुबिक. त्याच्यापुढे मी एवढंच लिहिलं: "मोठ्या सामन्यात दिसला नाही. न दिसणं हेही एक कौशल्यच." ओळ मला फार आवडली होती. आर्डिसला ती मी दोनदा वाचून दाखवली.

अंक मंगळवारी निघाला. बुधवारी सकाळी दारात लिबी कुबिक उभी. लिबी एमेटची आजी, वय एकोणऐंशी. पोराला आईबाप नाहीत, तो तिच्याकडेच वाढला. अंगात तिनं गुडघ्यापर्यंत येणारी चौऱ्याऐंशी नंबरची जर्सी घातली होती.

"लिबी, आत ये. कॉफी घे."

"बसायला नाही आले. माझ्या पोराला घाबरट म्हणालास, ते मागे घे."

"घाबरट कुठे म्हटलं? दिसला नाही म्हटलं."

"मर्ल, तुला मी पहिलीपासून ओळखते. तेव्हाही तू चिमटा काढून हात मागे लपवायचास."

मग तिनं जे सांगितलं ते उभ्यानंच सांगितलं. आमच्याकडे सामन्याच्या आठवड्यात पोरं आपली जर्सी घरच्या कुणाला तरी घालायला देतात. आया, मैत्रिणी, आज्या ती घालून दिवसभर गावात मिरवतात. शाळेकडे जर्सीचा संच एकच, त्यामुळे बस सुटायच्या आत ती परत करायची, एवढाच नियम. त्या दिवशी बस तीनला सुटली. लिबी चर्चच्या तळघरात पत्ते खेळत होती.

"मग परत का नाही दिलीस?"

"सलग सात डाव जिंकले होते. अंगात ती जर्सी होती. अशा वेळी कुठला शहाणा माणूस कपडे बदलतो?"

"कुठलाच नाही," आर्डिस स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मग एमेट काय घालून खेळला?"

"नोव्होत्नीच्या पोराची जर्सी. त्याचा घोटा मुरगळला होता, तो बाकड्यावर बसून सूप पीत होता. अठ्ठ्याऐंशी म्हणून तू जे काही चघळत बसलायस ना, तो माझा एमेट."

मी खुर्ची ओढून बसलो. ती बसली नाही, म्हणून पुन्हा उठलो. डोक्यावर हेल्मेट असलं की माणूस म्हणजे फक्त नंबर, कोचलासुद्धा. सामना सव्वाशे मैलांवर, वर गारा पडत होत्या. आमच्या गावची अकरा माणसं गेली, त्यातली नऊ गाडीत हीटर लावून बसली. तिथल्या वार्ताहरानं नंबर बघून नाव लावलं, आमच्या वार्ताहरानं ते उतरवून घेतलं, आणि मी त्यावर कळस चढवला.

"पण एमेट दहा महिने गप्प का?"

"जर्सी आणली नाही तर एक सामना बाहेर बसायचं, असा कोचचा कायदा. आणि मी पत्त्यांपायी दिली नाही हे बाहेर कळलं तर मला कुणी डावाला बोलवणार नाही, असं त्याला वाटतं." तिनं जर्सीची बाही खाली ओढली. "खरंच आहे ते. शुक्रवारी कॉलेजचा माणूस येतोय. बाकीच्या सगळ्यांनी नाही म्हणून कळवलंय, हा एकच उरलाय. त्यानं घेतला तर एमेट शिकेल, नाहीतर शाळा संपली की धान्याच्या कोठीवर. आणि तो माणूस तुझी यादी खिशात घालून येणार आणि अठ्ठ्याऐंशीकडे बघत बसणार."

"दुरुस्ती छापतो."

"छाप. पत्त्यांचं छापू नकोस."

मी संपादकाला फोन केला. तो म्हणाला, "मंगळवारी घेऊ. आठव्या पानावर, गुरांच्या भावांखाली जागा आहे."

"अरे, शुक्रवार आधी येतो."

"कॅलेंडर मी काढत नाही, मर्ल."

त्यानंतर मला एका जागी बसवेना. पुढच्या दारानं बाहेर जायचो, मागच्या दारानं आत यायचो. वर्तमानपत्र उघडलं की स्वतःची ओळ दिसायची, मिटलं तरी दिसायची. एकेचाळीस वर्षांत मी महापौराला, पाद्र्याला आणि पाणीखात्याला हसलो. सगळे मजेत आहेत. सतरा वर्षांच्या पोराला हसलो ते हे पहिल्यांदाच. दुपारी मी टोमॅटोला पाणी घातलं, थोड्या वेळानं पुन्हा घातलं.

"आता त्या टोमॅटोला होडी दे," आर्डिस खिडकीतून म्हणाली. "आणि उभं राहून जेवू नकोस. घोड्यासारखा दिसतोस."

गुरुवारी मी ड्वेन नोव्होत्नीच्या गॅरेजवर गेलो. माझी गाडी तेवीस वर्षं ड्वेनच दुरुस्त करतो, त्यामुळे त्याला दुखवायचं म्हणजे पायी चालायची तयारी हवी. गॅरेजवर नवी पाटी होती: "पहिल्या नंबरच्या टाइट एंडाचे वडील येथे काम करतात." आत ड्वेन एका ट्रकखाली होता आणि क्लेटन टायरवर बसला होता. पोरगा चार दिवसांच्या उपाशी माणसासारखा दिसत होता.

"ड्वेन, यादीत चूक झालीय," मी ट्रकला म्हणालो. "लिंडन क्रीकच्या सामन्यातला तो पोरगा क्लेटन नव्हता."

"तो मी नव्हतो, डॅड," क्लेटन म्हणाला.

ट्रकखालून हसण्याचा आवाज आला. "ऐकलंस? दहा महिने असंच चाललंय त्याचं. विनय. आईकडून आलाय."

"अरे, त्याचा घोटा सुजला होता."

"तेच तर. तसल्या घोट्यावर खेळला. कुबिकांचं पोरगं असतं तर शिंक आली म्हणून घरी राहिलं असतं. तूच लिहिलंयस."

"मी लिहिलं ते चुकीचं लिहिलं."

ड्वेन सरकत बाहेर आला. त्याच्या कपाळावर तेल होतं आणि नजरेत माझ्याविषयी दया होती. "पेपरात आलंय, मर्ल."

"पेपरात मीच लिहिलंय."

"असेल. तुझ्यापेक्षा पेपरला जास्त कळतं." आणि तो परत ट्रकखाली गेला.

क्लेटन माझ्या मागोमाग गाडीपर्यंत आला. "सर, मला दहावा करा ना. नाहीतर काढूनच टाका. उद्या तो माणूस माझ्याकडे बघणार. मला एका हातानं टॉवेलसुद्धा झेलता येत नाही."

"एमेट काय म्हणतो?"

"काही नाही. काल सराव संपल्यावर तासभर थांबून मला झेलायला शिकवत होता. म्हणाला, तुझी फजिती व्हायला नको."

घरी जाताना मी दोनदा चुकीच्या गल्लीत वळलो. आमच्या गावात गल्ल्या पाच आहेत.

शुक्रवारी दुपारी एक सर येऊन गेली. संध्याकाळी मैदान भरलं, बाकडी ओली होती, तरी लोक बसले. मी नाही बसलो. वरच्या पायऱ्यांवरून खालच्या, खालच्यांवरून वरच्या, अशा येरझाऱ्या घालत कॉलेजचा माणूस शोधत होतो. लिबी कडेला बसली होती, अंगात साधा स्वेटर. जर्सी तिनं सकाळी सातलाच परत केली होती. माझ्याकडे बघून तिनं फक्त हनुवटी हलवली: शोध.

सामना सुरू होऊन दहा मिनिटं झाल्यावर तो सापडला. राखाडी टोपी, अंगावर कुठल्याच शाळेचा रंग नाही, गालात सूर्यफुलाच्या बिया. मी जाऊन त्याच्या समोरच्या पायरीवर उभा राहिलो आणि मैदानाकडे पाठ करून एका दमात सगळं ओकलो. यादी माझी आहे. यादी चूक आहे. मी एकच सामना बघितला आणि सगळे बघितले असं छापलं. त्या सामन्यातला अठ्ठ्याऐंशी म्हणजे खरा चौऱ्याऐंशी होता. जर्सी का बदलली ते सांगता येणार नाही, कौटुंबिक अडचण होती. एमेट पळपुटा नाही, ती ओळ मी स्वतःच्या हौसेपायी लिहिली, आणि तिची शिक्षा त्याला होऊ नये. बोलताना माझा आवाज फुटला. गेल्या चाळीस वर्षांत मी कुणाची माफी मागितल्याचं मला आठवत नाही. वळण नसलं की असं होतं.

त्या माणसानं एक बी चावली. "कुठली यादी?"

"टाइट एंडांची. आमच्या साप्ताहिकातली. मंगळवारची."

तो एका बाजूला कलला आणि त्यानं आपल्या खाली बघितलं. तिथे घडी घातलेला आमचा अंक होता. "हा का? फाटकाशी पडला होता. बाकडं ओलं होतं म्हणून घेतला."

दहा होतकरू तरुण आणि माझं एकेचाळीस वर्षांचं नाव त्याच्या विजारीखाली शांतपणे भिजत होतं. माझ्या पाठीमागे मैदानावर काहीतरी घडलं. अख्खं गाव उभं राहून ओरडलं. तो टोपी सरळ करून डावीकडून बघू लागला.

"म्हणजे तुम्ही अठ्ठ्याऐंशीला बघायला नाही आलात?" मी विचारलं.

"लिंडन क्रीकचा तो दांडगा पोरगा आडवा झाला ना, तो माझा पुतण्या. तुमच्या पोरानं त्याला पाडून मग हात देऊन उठवलं, तेव्हा पुतण्यानं त्याला नाव विचारलं होतं. नाताळच्या जेवणातसुद्धा तेच नाव घेत होता. कुबिक, कुबिक." आता तो उजवीकडून बघू लागला, मग पुन्हा डावीकडून. "साहेब, एक विनंती होती."

"बोला. काहीही बोला."

"जरा खाली बसता का? चौऱ्याऐंशी दिसत नाहीये मला."