तात्याबांच्या हाताची घंटी

जयवंतानं सासऱ्यांच्या उजव्या मनगटाला सुतळी बांधली आणि तिचं दुसरं टोक बाजेच्या पायाला ठोकलेल्या, घंटीच्या तारा जोडलेल्या पत्र्याच्या दोन पट्ट्यांपैकी एकीत अडकवलं. हात वीतभर उचलला, की त्या पट्ट्या एकमेकींना टेकणार आणि घंटी वाजणार. इंदापुरात त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. बंद पडलेली कुठलीही वस्तू आपण चालू करू शकतो, असा त्याचा प्रामाणिक समज होता.

तात्याबांना अर्धांगवायूचा झटका येऊन चार महिने झाले होते. हलवत राहिलं नाही तर हात कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अंथुर्णे गावात ढोलाच्या तालावर धनगरी गजी नाचताना पंचवीस वर्षं सगळ्यांच्या पुढं रुमाल उडवलेला हा माणूस आता भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा.

चार दिवस झाले, तरी घंटी वाजली नाही.

“मामा, हात हलला की वाजतीय. करून तर बघा.”

“मी हाललो की ती वाजणार,” तात्याबा म्हणाले. “मग मी कशावर हालायचं?”

जयवंता चाट पडला. नाचणारा आधी ढोल ऐकतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं ढोलाची कॅसेट आणून लावली. ती थोडी ऐकून तात्याबांनी मान फिरवली. ह्यो ढोल कुणाकडं बघतच न्हाय, म्हणाले. वाजवणाऱ्याची नजर नाचणाऱ्याच्या पायावर असते, हेही जयवंताला त्या दिवशी कळलं. बघणारं यंत्र कसं करावं, या विचारात त्याचं जेवणात लक्ष लागेना.

शेवटी सासूबाईंनी, सिंधुबाईंनीच, आढ्याला टांगलेला ढोल खाली घेतला. बायकांनी त्याला हात लावायची रीत नव्हती, म्हणून आधी दार लोटून घेतलं. नवऱ्याच्या बोटांवर नजर ठेवून त्या वाजवू लागल्या. चाळीस वर्षं रिंगणाबाहेर उभं राहून ऐकलेलं सगळं त्यांना येत होतं. जयवंता थक्क होऊन बघत राहिला. बोटं मात्र जागची हलेनात.

मग एका ठिकाणी ठोका चुकला.

तात्याबांचा उजवा हात थांबवायला वर गेला आणि घंटी वाजली.

“तितं न्हाय,” ते चिडून म्हणाले. “दोन सोडून.”

सिंधुबाईंना भरून आलं. घाम पुसायच्या निमित्तानं त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी त्या नेमक्या तिथंच चुकल्या. तिसऱ्या दिवशी आणखी दोन ठिकाणी, आणि घंटी तीनदा वाजली. एवढी वर्षं संसार करून हिला साधा ठेका कळंना, म्हणून तात्याबा जावयादेखत तापले.

“चुकलं माजं,” खाली मान घालून सिंधुबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं.