तिसऱ्या टाकीतली कोळंबी

मी एक म्हातारी कोळंबी आहे. म्हातारी म्हणजे अवघी पंधरा महिन्यांची. पण मित्रांनो, पाळलेल्या कोळंबीला एवढं आयुष्य क्वचितच मिळतं. फ्लोरिडातल्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं वाढवणाऱ्या केंद्रात, मी जन्मले. प्लास्टिकच्या पिशवीतून हिंदकळत पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावी, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या तिसऱ्या टाकीत आले. आम्ही चाळीसजणी होतो.

२००६ च्या ऑक्टोबरात टाकीत रोग शिरला. शेजारणींच्या शेपट्या लाल पडल्या. त्या कुशीवर पोहू लागल्या आणि एकेक करून तळाशी निपचित पडू लागल्या. आता आपली पाळी, या धास्तीने मी कोपरा सोडत नसे.

आमची देखभाल नागपूरची नेत्रा करी. कोळंबीच्या रोगांवर झाडपाल्याच्या औषधांचे प्रयोग करून ती इथे पीएच.डी. करत होती. गुळवेल आणि तुळशीचा अर्क मोजून ती आमच्या खाद्याच्या दाण्यांवर चढवी. दाणे कडू लागत; पण हळूहळू मरणं थांबली. उरलो तीसजणी.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला नेत्रा मावशीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला गेली. तिची रूममेट कांचन आम्हाला खाऊ घालू लागली. दुसऱ्याच दिवशी दाणे असे कडूजहर झाले, की कुणी तोंड लावेना. ते तळाशी कुजले, पाणी गढूळलं, जीव घुसमटू लागला. त्यातच मी कात टाकली. नवं कवच मऊ असतं. उपाशी बहिणीच आपल्याला कुरतडून खातात. हवेच्या नळीमागे दडून मी हलणाऱ्या प्रत्येक सावलीला दचकत होते.

चौथ्या दिवशी नेत्रा परतली. टाकी पाहून तिचा चेहरा उतरला.

“कांचन, अर्क किती घातलास?”

“डबल. मला भीती वाटली गं, तू नसताना मेल्या तर? आणि हर्बलच आहे ना, त्याने काय होणार?”

“यार, औषध आहे ते. मसाला नाही.”

नेत्राने कुजके दाणे उपसले, थोडंथोडं पाणी बदललं, दिवसभर आम्हाला उपाशी ठेवलं. कांचन शेजारी बसून मेलेल्या कोळंब्या मोजत होती. आम्ही एकोणीसजणी वाचलो. तिसऱ्या टाकीचा निकाल प्रयोगात धरता येणार नाही, असं नेत्राने वहीत स्वच्छ लिहिलं. तिची सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली.

मित्रांनो, झाडपाल्याच्या औषधालाही माप असतं, आणि स्वच्छ पाण्याची जागा कोणताच अर्क घेत नाही. आम्हाला ओरडता येत नाही. घाबरून औषध ओतण्याआधी एकदा वाकून टाकीत बघा. आम्ही खातोय का, एवढं तरी बघा.