रुबार्बचे घर

घरात पहिल्यांदा येणारा पाहुणा मला टीव्हीखालचे कपाट समजतो आणि हातातला चहाचा कप बिनधास्त माझ्यावर ठेवतो. तेवढ्यात काचेआड काहीतरी सरपटते. पाहुणा कप उचलतो आणि खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. मला त्याचा राग येत नाही. मित्रांनो, मी सापाची पेटी आहे, बरीच जुनी, आणि माझ्यात खरोखरचा साप राहतो.

माझे लाकूड ओकचे. इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातल्या आमच्या गावात एक छोटे चर्च होते, तिथे मी बाक होते. हळूहळू माणसे यायची थांबली, चर्चला कुलूप लागले आणि बाक विकायला निघाले. रॉय एंटविसल नावाच्या सुताराने मला उचलले आणि परसातल्या शेडमध्ये आणून टेकवले. तिथे मी बरीच वर्षे धूळ खात पडून होते.

रॉय मोठा कसबी माणूस. गावातल्या निम्म्या घरांचे जिने त्याच्या हातचे. पण एक गोष्ट त्याला काही केल्या जमत नव्हती. मी सांगते त्या हकिकतीच्या आदल्या वर्षी त्याने जॅनिसशी लग्न केले होते. जॅनिस रुग्णालयात परिचारिका होती आणि तिला टेसा नावाची अकरा वर्षांची मुलगी होती. टेसाचा बाप ती लहान असतानाच घर सोडून गेला होता. रॉयशी टेसा फार शहाण्यासारखी वागायची. "थँक यू, रॉय." "नको, रॉय." "गुड नाइट, रॉय." त्यापलीकडे अक्षर नाही. रॉयला वाटे, या पोरीने एकदा तरी दार आपटून आपल्याशी भांडावे.

टेसाला साप पाळायचा होता. जॅनिसने खूप आढेवेढे घेतले, पण शेवटी वाढदिवसाला हो म्हणाली. पलीकडच्या गल्लीत पॉलीन नावाची बाई साप पाळायची. तिच्याकडे कॉर्न स्नेक जातीच्या बिनविषारी सापाची पिल्ले नुकतीच अंड्यातून बाहेर आली होती. त्यातले एक टेसाने निवडले. रंग अगदी परसात उगवणाऱ्या रुबार्ब नावाच्या भाजीच्या लालसर देठासारखा, म्हणून त्याचे नावही रुबार्बच पडले.

"घर मात्र मी करणार," रॉय म्हणाला. "दुकानातलं काही आणायचं नाही."

आणि माझे भाग्य उघडले. रॉयने मला कापले, तासले, घासूनपुसून गुळगुळीत केले. समोर सरकत्या काचा बसवल्या. एका टोकाला उबेचा दिवा, त्याला जाळी, हवेसाठी झरोके. माझी लांबी सोफ्याएवढी. मला दिवाणखान्यात मांडले तेव्हा शेजारचे ब्रायन बघायला आले आणि म्हणाले, "रॉय, सापाला नको असेल तर सांग रे, मी येतो राहायला. बायको इथेच सोडतो."

सगळे हसले. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, मीही मनातून फुलून गेले होते.

पॉलीन पिल्लू घेऊन आली ती हाताच्या पंजाएवढ्या प्लास्टिकच्या डब्यात. मला पाहून तिने भुवया उंचावल्या. "पेटी सुरेख झालीय," ती म्हणाली, "पण हा अजून चिमुकला आहे हो. काही महिने याला असाच डबा—"

"डबा?" रॉय मोठ्याने हसला. "पॉलीनबाई, टेसाचा साप आहे हा. डब्यात नाही राहायचा तो!"

पॉलीन आणखी काही बोलणार होती, पण तेवढ्यात केक आला. टेसाने मात्र ते ऐकले होते. मीही ऐकले होते.

रुबार्ब पेन्सिलीएवढा होता. माझ्यात सोडल्यावर त्याने मान वर केली. चारी बाजूंना उघडे मैदान, वर झगझगीत दिवा, समोर काच आणि काचेपलीकडे माणसांचे भलेमोठे चेहरे. तो थरथरत कडेकडेने सरपटला आणि पाण्याच्या वाडग्यामागे, अगदी गारठ्याच्या टोकाला, अंगाचे वेटोळे करून बसला. तिथून तो हललाच नाही. उबेला जायचे तर सगळे मैदान ओलांडावे लागे, आणि तेवढी हिंमत त्याच्यात नव्हती.

त्याचे खाणे म्हणजे उंदराचे इवलेसे पिल्लू. दुकानातून गोठवलेले आणायचे आणि कोमट पाण्यात ठेवून द्यायचे. टेसा ते चिमट्याने त्याच्यापुढे धरायची. रुबार्ब तोंड फिरवायचा. पुन्हा काही दिवसांनी धरायची, तो पुन्हा तोंड फिरवायचा. आठवडे गेले. त्याची कातडी सैल दिसू लागली. पाठीचा कणा उठून आला.

रॉय कामावरून आला की बूट काढण्याआधी विचारायचा, "काय म्हणतोय आपला राजा? घर आवडलं ना त्याला?"

"हो, रॉय. छान आहे घर," टेसा म्हणायची.

तो स्वयंपाकघरात गेला की ती माझ्या काचेला कपाळ टेकून रडायची. एकदा जॅनिसने तिला तसे पाहिले. "अगं, सांग ना रॉयला."

"नाही. आई, तू पण नाही सांगायचंस. शप्पथ आहे तुला."

मित्रांनो, तेव्हा माझ्या मनाची काय अवस्था झाली असेल! ज्याच्यासाठी मला घडवले, तोच जीव माझ्या पोटात वाळत चालला होता. माझ्यात कसलीच खोट नव्हती. मी फक्त त्याच्यासाठी फार मोठी होते. आणि हे सांगायला मला तोंड नव्हते.

पण खोट नव्हती असे तरी कसे म्हणू? दिव्याची वायर आत घ्यायला रॉयने माझ्या पाठीला एक भोक पाडले होते आणि ते वायरीपेक्षा किंचित मोठे होते. जिथे सापाचे डोके शिरते, तिथून अख्खा साप जातो. एका रविवारी सकाळी टेसाने वाडगा उचलला तर मागे कोणीच नव्हते.

बाहेर थंडीचे दिवस. एवढ्याशा उपाशी पिल्लाला गार फरशीवर कितीसा तग धरता येणार? जॅनिसने सोफ्याच्या उशा काढल्या. रॉय पोटावर झोपून फ्रिजखाली विजेरी मारू लागला. मग हत्यारे आणून त्याने भिंतीच्या तळाच्या पट्ट्या उचकटायला सुरुवात केली. स्वतःच लावलेल्या, स्वतःच रंगवलेल्या. टेसा खोलीच्या मध्यभागी नुसती उभी होती.

दुपार टळली. शेडमधून आणखी हत्यारे आणायला म्हणून रॉयने घर तापवणाऱ्या बॉयलरशेजारचे कामाचे बूट ओढले. एकात पाय घातला. दुसऱ्यात घालता घालता थबकला. त्याने बूट अलगद उचलून दिवाणखान्यात आणला आणि माझ्यासमोरच्या गालिच्यावर गुडघे टेकले.

"टेसा, इकडे ये. हळू."

बुटाच्या टोकाशी, अंधारात, रुबार्ब गुंडाळून बसला होता. जिवंत होता. जीभ लपलपवत होता.

रॉयने पुन्हा एकदा बुटात वाकून पाहिले. "एवढा महाल बांधला मी," तो म्हणाला, "आणि याला आवडला माझा वास मारणारा बूट."

तेव्हा टेसाचा बांध फुटला. "महाल मोठा आहे, रॉय! फार मोठा आहे! तो लहान आहे, त्याला भीती वाटते उघड्यावर. त्याला सगळीकडून काहीतरी अंगाला लागलेलं हवं असतं. पॉलीनबाई तेच सांगत होत्या. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं!"

"मग बोलली का नाहीस, बाळा?"

"तुम्ही इतक्या प्रेमाने केलं होतं सगळं. मला वाटलं, मी नाही आवडलं म्हटलं तर..." ती हुंदके देऊ लागली. "तर तुम्ही पण जाल."

जॅनिस दारात तोंडावर हात धरून उभी होती. रॉय एका पायात बूट, एका पायात मोजा, असा खाली बसला.

"अगं वेडे," तो म्हणाला. "मी घर सोडणार? तेही एका पेटीपायी? लोक रोज माझी कामं नाकारतात. परवा त्या डॉक्टरीणबाईंनी अख्खा जिना पुन्हा बनवायला लावला. मी शिव्या दिल्या, चहा प्यायलो आणि पुन्हा बनवला. तू मला दिवसातून दहा वेळा चुकीचा ठरव. मी इथेच आहे."

टेसा त्याच्या कुशीत शिरली. जॅनिस घाईने म्हणाली, "अहो, बूट सांभाळा, बूट!" आणि रडता रडता तिघेही हसू लागले.

जॅनिसने फोन केला तशी पॉलीन लगेच आली. ओरडली नाही. "याच्या अंगाचा विळखा जेमतेम मावेल, एवढीच लपायची जागा हवी," ती म्हणाली. "एक उबेला, एक गारव्याला. म्हणजे भीतीपायी ऊब सोडावी लागत नाही. आणि झाकण घट्ट."

रॉयने टेसाचा शाळेच्या जेवणाचा जुना डबा घेतला. तापवलेल्या सळईने त्याला बारीक भोके पाडली, कडा घासून काढल्या. आत दोन्ही टोकांना लपायला सालीचे तुकडे, थोडे ओले शेवाळ, पाण्याची वाटी. तो डबा त्याने माझ्या आत ठेवला, एक टोक दिव्याकडे करून. उष्णतामापक लावून ऊब नीट पारखली. माझ्या पाठीचे भोक बुजवले. मग पॉलीनच्या सांगण्यावरून काही दिवस कोणी त्याला हातही लावला नाही.

पुन्हा खाऊ द्यायची वेळ आली तेव्हा जॅनिस नुकती कामावरून आली होती, अंगातला कोटही काढला नव्हता. टेसाने चिमटा पुढे केला. सालीखालून एक नाक बाहेर आले. थांबले. आणि झटक्यात रुबार्बने घास पकडला.

"रॉय!" टेसा कुजबुजली. "ये ना, बघ! बघ, खातोय!"

माझ्या फळ्यांतून जणू इतक्या दिवसांचा ताण निघून गेला. ज्या पोटात तो वाळत होता, त्याच पोटात आता तो सुखाने जेवत होता.

पुढे रुबार्ब वाढला. आधी मोठा डबा आला, मग त्याहून मोठा. नंतर एके वसंतात डबा काढून टाकला आणि साली, फांद्या, पानांनी मला गच्च भरून सगळी जागा त्याला दिली. आता तो पेन्सिलीएवढा नव्हे, चांगला माणसाच्या उंचीएवढा आहे. टेसा लीड्सला नोकरी करते. दर शनिवारी फोनवर आधी रुबार्बची चौकशी होते, मग रॉयशी कुठल्या ना कुठल्या गोष्टीवरून कडाक्याचे भांडण. रॉयचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा असतो.

माझा रंग उडालाय, काचा सरकवताना कुरकुरतात. तरी मी समाधानी आहे. मित्रांनो, तुमच्याकडचे साप रानातले आहेत, त्यांना रानातच राहू द्या. पण मासा असो, ससा असो की मांजराचे पिल्लू, कोणी मुका जीव घरी आणाल तेव्हा त्याचे घर त्याच्या अंगाने मापा, आपल्या हौसेने नाही. तो जेवत नसेल, कोपरा धरून बसला असेल, तर त्याला नव्हे, घराला तपासा. आणि चूक दिसली तर गप्प राहू नका. ज्याने प्रेमाने घर बांधले, त्याला ते मोडून पुन्हा बांधताना वाईट वाटत नाही. मी स्वतः पाहिले आहे, रॉय त्या दिवशी डब्याला भोके पाडताना शीळ घालत होता.